ज्वारीचा फेरफार

हिंमतरावांना दोन गोष्टी पुरत्या कळत होत्या: ज्वारी आणि फेरफार. हे मत अर्थात त्यांचं स्वतःचं. पण ते इतकी वर्षं आणि इतक्या मोठ्या आवाजात सांगितलं गेलं होतं की खोडून काढायच्या भानगडीत गावात कुणी पडत नसे. यंदा या दोन्ही गोष्टींनी संगनमत करून त्यांना दगा दिला, आणि तोही ऐन हुरड्याच्या तोंडावर.

आधी ज्वारीचं सांगतो. लोहाऱ्याच्या अलीकडे, ओढ्याच्या अंगाला हिंमतरावांचं काळंभोर रान. त्यात दर रब्बीला एकच ज्वारी पडायची, बापूची ज्वारी. बापू म्हणजे त्यांचे कैलासवासी वडील. तिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ, आणि तिचा कडबा बैल नुसता खात नाहीत, मागून मागून खातात, असा लौकिक होता. बाजारात कुठलंही नवं बियाणं आलं की हिंमतराव मिशीवरून हात फिरवायचे. "आमच्या बापानं पेरलं त्येच आमी पेरनार. खानदानी बी हाय," म्हणायचे. ऐकणाऱ्याला आपलं खानदान उगाच हलकं वाटायला लागायचं.

पण अलीकडं खानदानाला उतरती कळा लागली होती. ताट उंच, पान हिरवंगार, कणीस बघावं तर मुठीत न मावणारं, आणि हातावर चोळलं की दाणे चार, बाकी सगळा भुसा. हिंमतरावांनी एकामागून एक आरोपी ठरवले. आधी खत, मग ढगाळ हवा, मग शेजारच्या बजरंगची नजर. बजरंगवर वहीम यायला सबळ कारण होतं. हिंमतरावांच्या रानातल्या, त्याच्या बांधालगतच्या वळी, म्हणजे ताटांच्या ओळी, तेवढ्या दरसाल टच्च भरायच्या.

"नजर त्याची असती तर त्याच्याजवळचं आदी गेलं असतं की," सिताबाई म्हणाल्या. सिताबाई म्हणजे हिंमतरावांच्या मंडळी.

"तुला न्हाय कळायचं," हिंमतराव म्हणाले. हे त्यांचं लग्नापासूनचं उत्तर होतं आणि ते कुठल्याही प्रश्नाला चालायचं.

शेवटी भाचीला बोलवावं लागलं. समृद्धी ही धाकट्या बहिणीची, अयोध्याबाईची लेक. ती कृषी विद्यापीठात ज्वारीवरच मोठं शिक्षण घेत होती. ज्वारीवर एवढं शिकण्यासारखं काय असतं हे हिंमतरावांना कळलेलं नव्हतं, पण पोरगी गोड होती आणि मामा म्हणून जीव टाकायची. ऐन फुलोऱ्यात ती आली, भिंग लावून कणसं न्याहाळत सगळं रान फिरली, आणि फिरता फिरता तिचा चेहरा असा फुलला की हिंमतरावांना वाटलं, सापडला रोग! तिनं पानं खुडून डबीत भरली. मग कितीतरी कणसांना कागदी पिशव्या घालून दोरीनं बांधल्या. वारं आलं की ज्वारी टोप्या घालून डुलायची.

"हिंमतराव, ज्वारीचं लगीन काढलं का?" बजरंग बांधावरून ओरडला. "बाशिंग बांधल्यावानी दिसतंय म्हनून इच्यारलं."

"तुला बलवनार न्हाय, गप बस," हिंमतराव म्हणाले.

आता फेरफार. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढली की तलाठ्याकडं जी नोंद पडते, तो फेरफार. शेतकऱ्याच्या घरी जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या खालोखाल हाच संस्कार. तहसिलातले साहेब लोक त्याला म्युटेशन म्हणतात, हे हिंमतरावांना ठाऊक होतं, आणि हा शब्द ते बारशाच्या पंक्तीतसुद्धा वापरून दाखवायचे.

पण त्यांचा स्वतःचा एक फेरफार अर्धवट राहिला होता. बापू गेल्यावर रानाला आईबरोबर दोन नावं लागली, हिंमतराव आणि अयोध्याबाई. रीतीप्रमाणं भावानं लुगडं-चोळी करायची आणि बहिणीनं 'मला काही नको' म्हणून हक्कसोडीवर सही करायची. हिंमतराव लुगडं घ्यायला निघालेही होते. पण आई आडवी आली. "म्या हाय तवर तिची सही घ्यायची न्हाय," दगडाबाई म्हणाली. आई नावाला जागणारी होती, तिच्यापुढं कुणाचं चालायचं नाही. पुढं ती गेली तेव्हा सही मागायची हिंमतरावांना लाज वाटायला लागली. मागायचं तोंड होईना, म्हणून त्यांनी बहिणीला तोंड दाखवायचंच सोडून दिलं. आधी पंचमीचं बोलावणं चुकलं, मग भाऊबीज. भाची तेवढी अधूनमधून येऊन जायची. उमरग्याच्या बाजूला दिलेली बहीण, जीपनं गेलं तर सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. पण हिंमतरावांना ती वाट फार लांबची वाटू लागली. अयोध्याबाईनं कधी हिस्सा मागितला नाही आणि यांनी कधी विषय काढला नाही. झाकली मूठ तशीच राहिली.

आणि मग एके दुपारी ती मूठ कडब्याच्या गंजीमागं उघडली, असं हिंमतरावांना वाटलं.

ज्वारी हुरड्यात येत होती. समृद्धी पिशव्या सोडून बघायला परत आली होती. जेवण करून हिंमतराव गंजीच्या सावलीला लवंडले होते, आणि गंजीच्या पलीकडं, फोनला रेंज मिळायची त्या एकमेव जागेवर उभी राहून समृद्धी बोलत होती.

"हो सर, म्युटेशनच आहे. शंकाच नाही… मामांच्या शेतातलं पण तपासलं, आमच्या आईकडचं पण. दोन्हीकडं तेच… छे, बापाचा काही संबंधच नाही. वारसा सगळा आईकडूनच आलाय."

हिंमतरावांची झोप उडाली.

"नाही सर, मामांना अजून सांगितलं नाही. त्यांनी बापूंचं नाव लावून ठेवलंय ना, फार लागेल त्यांना… हो, नोंद आपण आईच्या बाजूनंच करू. आता ते नाव काही टिकत नाही. आईला इकडं घेऊन येते आणि दोघांना एकदमच सांगते."

हिंमतराव उठले. पायात चपला घातल्या, त्या उलट्यासुलट्या पडल्या आणि तशाच राहिल्या. म्हणजे अयोध्येनं डाव टाकला! स्वतः पुढं आली नाही, पोरीला पाठवलं. आणि आपण येड्यासारखं तिला भाकरीवर लोणी वाढत होतो. पानं खुडून नेली म्हणे! पानाबरोबर आणखी काय काय नेलं असेल, देव जाणे.

त्यांनी थेट बजरंग गाठला. बांधावरून कितीही जुंपली तरी तहसिलाच्या कामात बजरंगला पर्याय नव्हता. त्याचा अर्धा जन्म कचेरीच्या पायऱ्यांवर गेला होता. स्वतःचं काम नसलं तरी तो दुसऱ्याचं बघायला जायचा.

"वारसा आईकडनं?" बजरंगनं कानामागची काडी दातात धरली. "आन बापाचा संबंधच न्हाय? मंग हा नवा कायदा आला आसंल. आजकाल येतेत."

"आसं कसं यीतंय? रान बापूचं हाय!"

"बापूला कुणाकडनं आलं?"

"त्येच्या बापाकडनं."

"आन त्येला आईच नव्हती का?" बजरंग म्हणाला. कायद्याचं बोलणं हे असंच असतं, कळत नाही आणि खोडताही येत नाही.

दोघं लोहाऱ्याला कचेरीत गेले. खिडकीमागच्या बाईनं संगणक दाबून बघितला, पुन्हा दाबून बघितला.

"नवीन म्युटेशन काही दिसत नाही, काका."

"नीट बगा बाई. झालंय त्ये."

"सर्व्हर हळू आहे. नंतर या."

बाहेर आल्यावर बजरंगनं मान हलवली. "दिसत न्हाय म्हंजे जास्तच वाईट. दिसलं असतं तर हरकत घेतली असती. म्या सांगतो, वारं फिरायच्या आत हक्कसोड घ्या. बहिणीला बलवा, लुगडं करा, गोड बोला आन सही घ्या. मंग सोमवारी हितं आणून उभी करा, इषय खतम."

हिंमतरावांनी हक्कसोडीचा कागद लिहून घेतला. मग त्यांनी इरकल लुगडं घेतलं, आणि तेही चांगल्यातलं. सिताबाईंनी पिशवीत डोकावून बघितलं, बोटानं काठ चाचपला आणि काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं हिंमतरावांना बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

रात्री जेवायच्या आधी त्यांनी फोन लावला. "अयोध्ये, हुरड्याला ये."

पलीकडं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दादा," अयोध्याबाई म्हणाली, "बरा हायेस ना?"

"बरा न्हाय तर काय? हुरडा हाय. ये. इरकल बी घेतलंय तुला."

हे वाक्य त्यांनी गोड वाटावं म्हणून टाकलं होतं. त्यानं घोटाळा जास्तच वाढला. इतक्या वर्षांत ज्या भावानं पंचमीला बांगड्या पाठवल्या नाहीत तो एकाएकी इरकल घेतो, म्हणजे त्याला डॉक्टरनं काहीतरी सांगितलंय. अयोध्याबाईच्या मनात दुसरा विचारच आला नाही.

हुरड्याच्या दिवशी ती एसटीतून उतरली तीच डोळे पुसत. पिशवीत लिंबं, शहाळी, तुळजापूरचा अंगारा आणि उमरग्याच्या कुठल्याशा दवाखान्याचं कार्ड. तिनं भावाला खालपासून वरपर्यंत बघितलं. हिंमतराव नेहमीसारखेच रेड्यासारखे धडधाकट होते. पण प्रेमानं बघणाऱ्याला काय, हवं ते दिसतं.

"किती वाळलास रे!" ती म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

हिंमतरावांनी हे नाटक ओळखलं, निदान त्यांना तसं वाटलं. सदऱ्याच्या आतल्या खिशात कागद होता. तो छातीला टोचत होता.

वावरात आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून भुसा उडवायचा आणि हिरवे दाणे चटणीबरोबर तोंडात टाकायचे. पण यंदा फुंकर मारली की सगळंच उडून जायचं. कणीस भाजलं, चोळलं, फुंकलं, तळहात मोकळा. सिताबाई मुकाट्यानं बांधालगतच्या वळीतली कणसं मोडून आणत होत्या, म्हणून पाहुण्यांच्या तोंडात काहीतरी पडत होतं. बजरंग आमंत्रणाशिवाय येऊन बसला होता आणि आपल्या बांधाकडच्या कणसांची तारीफ करत होता. अयोध्याबाई स्वतः एक दाणा खात नव्हती. चोळलेला हुरडा ती भावाच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "खा. खाऊन घे, दादा." प्रत्येक 'खाऊन घे' पाठोपाठ एक हुंदका यायचा.

हिंमतराव तो हुरडा नुसता चघळत राहिले. लहानपणी बापू मारायला धावले की ही दोघांच्या मध्ये येऊन उभी राहायची, हे त्यांना उगाचच आठवलं. त्यांनी तो विचार भुशासारखा फुंकून टाकला.

समृद्धी पुढं सरकली. "मामा, तुम्हाला एक सांगायचंय. आई पण आहे, तर आत्ताच सांगते. रागावू नका."

"म्हाइत हाय मला," हिंमतराव म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"म्युटेशन झालंय."

समृद्धीचे डोळे मोठे झाले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमाला बी कळतंय. लोहाऱ्याला जाऊन आलो."

"लोहाऱ्याला? तिथं कुणाला कळणार?"

"न्हायच कळलं. त्या बाईनं लई डोळं फाडून बगितलं. दिसत न्हाय म्हनली."

"डोळ्यांना दिसतच नाही, मामा! फार बारीक असतं. त्याला मशीन लागतं."

"मशीन हळू हाय म्हनली."

समृद्धीला काही उमजेना, पण मामांनी ज्वारीसाठी एवढी धावपळ केली याचं तिला कौतुक वाटलं. हिंमतराव खाकरले. "किती रानात झालंय?"

"मी बघितलं तिथं सगळीकडंच."

"हिरीकडच्या पट्टीत बी?"

"विहिरीकडच्या पट्टीत तर सगळ्यात जास्त."

हिंमतरावांनी डोळे मिटले. विहिरीकडची पट्टी म्हणजे रानातली साय. "पलटवता यील का?"

"नाही, मामा. एकदा झालं की ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. लेकीला, लेकीच्या लेकीला."

"आन आमी? आमी पुरुषमाणसांनी काय करायचं?"

समृद्धी अवघडली. हे कसं सांगावं यावर तिनं रात्रभर विचार केला होता. "मामा, खरं सांगू का? तुमच्या रानात नर आता नावालाच उरलाय. त्याच्याच्यानं काही होत नाही."

बजरंगनं तोंडातला हुरडा गिळला. सिताबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि पदराआड त्या हसत होत्या हे खांद्यांवरून कळत होतं. हिंमतरावांच्या मिशीची दोन्ही टोकं वेगवेगळी थरथरली.

"तोंड सांभाळून बोल, पोरी! दोन पोरं हायत मला! आन हिस्सा पायजे तर सरळ माग की! पानं खुडायची नाटकं कशापायी?" त्यांनी खिशातून कागद ओढून काढला. "म्या बी काय कच्च्या गुरूचा चेला न्हाय. ह्ये बग, हक्कसोड लिवून आणलीया!"

"कसला हिस्सा?" समृद्धी म्हणाली. "मामा, मी ज्वारीचं बोलतेय."

"ज्वारीचं?"

"ज्वारीचं म्युटेशन, मामा! ज्वारीत झालंय."

बजरंगनं तोंडातली काडी काढली. "ज्वारीचा बी फेरफार व्हतो?"

मग समृद्धीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि ती शिकलेली असली तरी तिनं ते कळेल असं सांगितलं. ताटाच्या, माणसाच्या, बैलाच्या, कुणाच्याही अंगातल्या प्रत्येक पेशीत बारक्या बारक्या गिरण्या असतात. त्या दळतात तेव्हा अंगाला ताकद मिळते. या गिरण्यांना स्वतःची वेगळी हुकूमवही असते. बाकी सगळं बी निम्मं आईचं, निम्मं बापाचं; पण गिरणी मात्र फक्त आईची. बापाकडून येतच नाही. एखाद्या वेळी त्या हुकूमवहीत एक ओळ चुकते, त्याला म्युटेशन म्हणतात. या ज्वारीत अशी एक ओळ चुकलेली आहे. त्यामुळं तिचं फूल परागच धरत नाही. बाहेरून पराग आला तर दाणा भरतो, नाही तर कणीस पोचट.

"म्हणून पिशवीतल्या कणसांत एकही दाणा नव्हता," ती म्हणाली. "आणि म्हणूनच बजरंगमामांच्या बांधालगतच्या वळी भरल्या. पराग त्यांच्या ज्वारीचा."

बजरंगची छाती हळूहळू फुगली.

"पर आदी भरत व्हतीच की," हिंमतराव म्हणाले. आवाज खाली आला होता.

"ओळ जुनीच चुकलेली होती, मामा. पण तुमच्या ज्वारीत आणखी एक गुण होता, तो ही चूक झाकून घ्यायचा. तुम्ही दरसाल बियाणं कुठल्या कणसांचं ठेवता?"

"टच्च भरलेल्या."

"म्हणजे बांधालगतच्या. म्हणजे दर पिढीला बाप बजरंगमामांचा. करता करता तुमच्याकडचं बापाचं सगळं निघून गेलं, झाकणारा गुणही गेला. राहिली फक्त गिरणी, ती आईची."

"म्हंजे निम्म्याच्या वर ज्वारी माझी!" बजरंग म्हणाला.

"तू गप!" सगळे एकदम म्हणाले.

"हे वाईट नाही, मामा," समृद्धी घाईनं म्हणाली. "संकरित बियाणं करायला अशीच ज्वारी लागते. आमचे सर तर नाचायचे बाकी आहेत. पण मला भीती वाटत होती, तुम्ही सगळ्या मुलखाला सांगितलंय की ही बापूंची ज्वारी. आणि आमच्या आईच्या रानातली तपासली तर तिच्यातही नेमकी तीच ओळ चुकलेली. म्हणजे दोन्हीकडचं बी एकाच आईचं. ते दोन्हीकडं कसं गेलं, हेच मला कळत नाही."

"मला कळतंय," अयोध्याबाई म्हणाली.

एवढा वेळ ती हिंमतरावांच्या हातातल्या कागदाकडं बघत होती. रडणं थांबलं होतं.

"ती बापूची न्हायच. आईची हाय. आईनं कळंबाकडनं, तिच्या माहेरनं आणलेली, ओटीतनं. आन माझ्या पाठवणीला तिनं तीच माझ्या ओटीत घातली. सासरची मानसं हसली, म्हनली, तांदूळ मिळालं न्हाईत का? आई म्हनली, तांदळाचा भात व्हतो, त्यो उगवत न्हाय. ह्ये उगवंल." तिनं भावाकडं बघितलं. "तू तिथंच उबा व्हतास, दादा. तुला लाज वाटली म्हनून तू मांडवाच्या भायेर गेलास."

हिंमतरावांना आठवलं. मांडव आठवला, आईची मूठ आठवली, आणि आपण बाहेर जाऊन बँडवाल्यांवर विनाकारण ओरडलो होतो तेही आठवलं. बापूंनी ज्वारी पेरली होती हे खरंच. पण बियाणं निवडायचं, राखेत घोळायचं, मडक्यात भरून तोंड लिंपायचं, ते सगळं आईनं. नाव मात्र पेरणाऱ्याचं लागलं.

"पोरी," ते म्हणाले, "ही गिरणी मानसात बी आईचीच?"

"आईचीच."

"मंग माझ्यात बी दगडाबाईचीच?"

"हो की. आजीनं तुम्हाला आणि आईला सारखीच दिली. तिनं काही डावं-उजवं केलं नाही."

"आन माझ्या पोरांत?"

"त्यांच्यात मामीची. बापाकडून पुढं जात नाही, मामा. तुमच्यातली तुमच्यापाशीच थांबली. आईची माझ्यात आली."

हिंमतराव भाचीकडं बघत राहिले. इतकी वर्षं आपण वारस म्हणून मिरवलो. नांगर आपला, मिशी आपली, सातबाऱ्यावर नाव पहिलं आपलं. आणि म्हातारीनं कुठल्या कचेरीत न जाता, कुणाची सही न घेता, आपला ऐवज परस्पर या पोरीपर्यंत पोचवला होता. आईची त्यांना फार आठवण आली. गेल्यानंतर इतकी पहिल्यांदाच आली.

"हुरडा खायाला बलवलंस का सही घ्यायला?" अयोध्याबाईनं विचारलं.

हिंमतरावांना 'तुला न्हाय कळायचं' हेसुद्धा म्हणता आलं नाही. त्यांनी मान खाली घातली.

मग मात्र अयोध्याबाईचा बांध फुटला. "अगं बया! आन म्या समजले तू मराय लागलायस! इरकल म्हनल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. वाटंत सगळ्या एसटीला सांगत आले, माझ्या भावाचं काय खरं न्हाय म्हनून. कंडक्टर बी रडाय आला. आन तू हितं रेड्यावानी धडधाकट! डोळं सुजलं माझं रडून रडून!" तिनं शेजारचं पोचट कणीस उचलून भावाच्या खांद्यावर हाणलं. भुसा उडाला. सिताबाईंनी दुसरं कणीस तिच्या हातात दिलं.

"मार," हिंमतराव म्हणाले. "मार आजून."

"आन दे त्यो कागद हिकडं."

हिंमतरावांचा हात पुढं होईना. ज्या कागदासाठी एवढा खटाटोप केला तो त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. अयोध्याबाईनं तो स्वतःच ओढून घेतला. बजरंगनं तत्परतेनं खिशातलं पेन काढून पुढं केलं.

"ठिव त्ये," ती त्याला म्हणाली. "सही करनार हाय म्या. रान मला कवाच नको व्हतं. पर आदी त्या ज्वारीचं नाव बदल. बापूचं काढ आन आईचं लाव. पोरीच्या सायबाला बी आईचंच नाव कळव म्हनावं."

"दगडाबाई?" हिंमतराव कळवळले. "दगडी ज्वारी म्हनल्यावर घील का कुनी? दात पडतील म्हनतील लोक!"

"पडू द्या," सिताबाई म्हणाल्या.

हिंमतरावांनी सिताबाईंकडं बघितलं. सिताबाई आगटी सारखी करत होत्या. "बरं," ते म्हणाले. "दगडाबाईची ज्वारी. झाला फेरफार. आता कर सही."

अयोध्याबाईनं कागदाची घडी घातली. घडीची आणखी घडी घातली, भावानं सकाळीच हाती दिलेल्या नव्या इरकलाच्या पोटात ठेवली आणि इरकल पिशवीत टाकलं.

"आत्ता न्हाय," ती म्हणाली. "आत्ता केली की तू परत बलवायचा न्हायस."

हिंमतरावांनी एक कणीस निखाऱ्यात सरकवलं, भाजलं, चोळलं, फुंकर मारली. बांधाकडचं होतं, मूठभर दाणे निघाले. ते त्यांनी बहिणीच्या हातावर ठेवले.

"खा," ते म्हणाले. "खाऊन घे."

त्यानंतर अयोध्याबाई पंचमीला आली, दिवाळीला आली, आणि पुढच्या हुरड्याला तर सगळ्यांच्या आधी आली. ज्वारीच्या मडक्यावर सिताबाईंनी खडूनं दगडाबाई असं लिहिलं. बजरंगला सगळ्यात जास्त काळजी कागदाची. पारावर बसला की तो टोकरायचाच.

"काय हिंमतराव, झाली का सही?"

"न्हाय. कागद तिच्यापाशीच हाय."

"आवो, मंग मागा की. मागितला की करून दील ती."

"त्येच तर," हिंमतराव म्हणायचे. "करून दिली म्हंजे?"